व्हेजीटा आणि त्याची माणसं: तुमचा अनुभव लिहा

१ मार्च २०२४ ला 'ड्रॅगन बॉल'चे जपानी चित्रकथाकार अकिरा तोरियामा गेले. बातमी कळली त्या रात्री झोप येईना, म्हणून त्यांच्या चित्रकथेवरची 'ड्रॅगन बॉल झेड' ही कार्टून मालिका पुन्हा लावली. या खेपेला लक्ष नायक गोकूपेक्षा त्याचा प्रतिस्पर्धी व्हेजीटा याच्याकडेच राहिलं. शाळेतून येऊन दप्तर फेकून कार्टून नेटवर्कसमोर बसायचो, तेव्हा तो माझ्या लेखी फक्त दुष्ट होता. सैयान या परग्रहावरच्या लढवय्या जमातीचा राजपुत्र, नापा हा त्याचा साथीदार लढाईत निकामी झाला, तर त्याला स्वतःच्या हातानं संपवणारा. तोच पुढे बायको-मुलासाठी स्वतःच्या चिंधड्या उडवून घेतो. मधे काय घडलं? ताकद तर सगळ्यांचीच वाढते. मला वाटतं, सुंभ जळला तरी त्याचा पीळ गेला नाही, आणि जायलाही नको होता. फक्त तो दोर बांधायला माणसं मिळाली.

तुमच्या घरात, मैत्रीत असं ताठ मानेचं कुणी असेल, किंवा तुम्हीच तसे असाल, तर लिहा. व्हेजीटाचा कुठला प्रसंग त्यावरून आठवतो, तेही सांगा.

नागपूरहून

मला बुल्मा आठवते, गोकूची शास्त्रज्ञ मैत्रीण, पुढे व्हेजीटाची बायको. जुलमी फ्रीझाच्या हातून मेलेला व्हेजीटा पुन्हा जिवंत होऊन पृथ्वीवर येतो. ग्रह नाही, घर नाही, आपलं म्हणावं असं कुणी नाही. याच माणसाच्या स्वारीत तिचा प्रियकर यामचा मेला होता. तरी ती सरळ म्हणते, जायला ठिकाण नसेल तर आमच्याकडे चल.

धंदा बुडाल्यावर माझे धाकटे दीर आमच्याकडे राहायला आले. सहा महिने कुणाशी धड बोलले नाहीत. सासूबाईंनी खोदून विचारलं की ताटावरून उठायचे. मी काही विचारायचे नाही. जेवायला हाक मारायची, नाही आले तर ताट झाकून ठेवायचं. एक दिवस मिक्सर बंद पडला. दुपारी बघते तर हे ओट्यापाशी तो खोलून बसलेले. "वहिनी, कार्बन ब्रश गेलेत, घेऊन येतो," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते खऱ्या अर्थानं घरात आले.

बुल्मानं त्याला सुधारायचा घाट घातला नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. तिची प्रयोगशाळा चालू, तो तीनशेपट गुरुत्वाकर्षणात मरमर करतोय. ती खोली फुटून तो जखमी झाला, तेव्हा मात्र उशाशी बसून राहिली.

कोल्हापूर, एकेकाळचा पैलवान

तालमीत नऊ वर्षं होतो. माझी जोड माझ्यानंतर दोन वर्षांनी आली. पहिल्या वर्षी मी त्याला रोज खाली घ्यायचो. तिसऱ्या वर्षी बरोबरी झाली. पाचव्या वर्षी त्याचा हात मानेवर पडला की मला कळायचं, आता आपलं काही चालत नाही. जोर-बैठका मी त्याच्यापेक्षा जास्त मारायचो, पहाटे त्याच्या आधी उठायचो. तरी तो पुढेच. गोकूचं नाव निघालं की व्हेजीटाचा जबडा कसा आवळतो, ते मला कुणी समजावून सांगायला नको. मी तालमीत जायचंच सोडलं.

मग त्याला एक मोठी कुस्ती लागली आणि सरावाला त्याच्या वजनाचं कुणी नव्हतं. वस्तादांनी निरोप धाडला नाही. तो स्वतः दारात आला, चप्पल न काढता उभा राहिला. काही बोलला नाही. मी लंगोट घेतला आणि निघालो. महिनाभर त्याच्या अंगाखाली माती खाल्ली. खांदा आजही पावसाळ्यात दुखतो.

बू या राक्षसाशी झालेल्या शेवटच्या लढाईत गोकूला एक मिनिट हवं असतं, तर व्हेजीटा ते मिळवून द्यायला मार खात उभा राहतो. लढाई बघताना तो कबूल करतो की काकारोट (गोकूचं सैयान नाव), तूच नंबर वन. नीट बघा, हे तो मोठ्यानं म्हणत नाही, मनातल्या मनात म्हणतो. मीही माझ्या जोडीला हे अजून तोंडानं सांगितलेलं नाही. त्याच्या पोराला मात्र मी शिकवतो.

पुण्याहून

मला हे सगळं पटत नाही. बाबिडी या दुष्ट जादूगाराचा शिक्का कपाळावर घेऊन व्हेजीटानं स्पर्धेच्या मैदानातले प्रेक्षक मारले. त्यानंतर तो आपल्या मुलाला, ट्रंक्सला, मिठी मारतो तेव्हा मीही रडते, पण त्या प्रेक्षकांच्या घरी कुणीतरी वाट बघत असणारच ना? आमच्या नात्यात एक गृहस्थ होते. 'लग्न झालं की सुधारेल', मग 'मुलगी झाली की सुधारेल'. नाही सुधारले. त्याची किंमत मावशीनं मोजली. प्रेमानं माणूस बदलतो असं कुणी म्हणालं की मला तिचा चेहरा दिसतो.

रत्नागिरीहून

ताई, तुमचं बरोबर आहे, आणि मालिकाही त्याला सहज सोडत नाही. मरायच्या आधी व्हेजीटा गोकूचा साथीदार पिकोलो याला विचारतो, परलोकात काकारोट भेटेल का? पिकोलो तोंडावर सांगतो की नाही, तू निरपराध माणसं मारलीस. तो ते ऐकून घेतो, कुरकुर करत नाही, आणि तरीही जातो. मिठी मी विसरेन, हे नाही विसरणार. पुढे इच्छा पुऱ्या करणाऱ्या ड्रॅगनकडे दुष्ट सोडून सगळ्यांना जिवंत कर असा वर मागतात, तेव्हा व्हेजीटाच्या डोक्यावरचं मेलेल्याचं कडं नाहीसं होतं.

दुबईहून

ट्रंक्स तान्हा असताना बुल्माचं विमान कोसळत होतं, व्हेजीटाला पर्वा नव्हती. वाचवलं भविष्यातून आलेल्या मोठ्या ट्रंक्सनं. 'ड्रॅगन बॉल सुपर' या पुढच्या मालिकेत मुलीच्या वेळी मात्र गुरू व्हिसकडचा सराव सोडून घरी थांबतो. थोरल्याच्या जन्माच्या वेळी मी साइटवर होतो. धाकटीच्या वेळी महिनाभर बिनपगारी रजा काढून आलो.

साताऱ्याजवळच्या गावातून

वडील एसटीवर ड्रायव्हर. घरात शब्द मोजून. मला जवळ घेतल्याचं आठवत नाही. दहावीचा निकाल सांगितला तर "बरं" म्हणाले आणि बूट पुसत राहिले.

त्यांची गाडी आमच्या शाळेवरून जायची, दुपारी दोनला. मी फाटकापाशी उभा राहायचो. ते मान वळवायचे नाहीत, हात हलवायचे नाहीत. स्टिअरिंगवरची फक्त दोन बोटं उचलायचे.

मोठा ट्रंक्स आपल्या काळात परत निघतो, सगळे निरोप द्यायला जमतात. व्हेजीटा बाजूला झाडाला टेकून उभा. सेल या खलनायकानं याच पोराला मारलं तेव्हा वेड्यासारखा सेलवर तुटून पडला होता, पण आता एक शब्द नाही. पोरगं बघतं, तेव्हा तो दोन बोटं वर करतो. ट्रंक्स हसतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वडील मागच्या खोलीत झोपले होते, दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली गाडी होती म्हणून. मी आवाज कमी केला.