निकालानंतरचा निर्णय: क्लॅट पुन्हा द्यावी का?

माझ्या भाचीला यंदा क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या (कायद्याच्या शिक्षणाच्या) सामाईक प्रवेश परीक्षेत, अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण मिळाले. निकाल लागल्यापासून घरात दोनच वाक्ये ऐकू येतात: "एक वर्ष थांब, पुढच्या वेळी नक्की होईल" आणि "वर्ष वाया घालवू नकोस." दोन्ही मायेपोटीच बोलली जातात, पण त्यांतून तिला काहीच ठरवता येत नाही. म्हणून या वाटेने गेलेल्यांना विनंती आहे की, निर्णय बरोबर ठरला की चुकला एवढेच न सांगता, तो घेताना तुमच्या हातात नेमके काय होते ते लिहावे.

दुसऱ्या प्रयत्नात राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळालेली विद्यार्थिनी

ताई, पहिले आठ दिवस मीही फक्त रडले. नंतर अंतिम उत्तरतालिका आणि माझी प्रश्नपुस्तिका शेजारी ठेवून बसले. १२० प्रश्नांपैकी ११४ सोडवले होते, त्यांतील ७२ बरोबर आणि ४२ चूक. प्रत्येक चुकीमागे पाव गुण वजा होत असल्याने हाती आले ६१.५. तोपर्यंत अभ्यास कमी पडला, अशीच माझी समजूत होती. त्या ४२ प्रश्नांपुढे एकेक कारण लिहू लागले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. १९ ठिकाणी पुस्तिकेत मी आधी ज्या पर्यायापुढे बारीक टिंब केले होते तोच बरोबर होता, आणि उत्तरपत्रिकेत गोल भरताना ऐन वेळी मी दुसराच निवडला होता. कायद्याच्या उताऱ्यांत तर उताऱ्यात दिलेला नियम बाजूला ठेवून, मला जे न्याय्य वाटले ते उत्तर मी दिले होते. तिथे दिलेला नियम पटो वा न पटो, त्याच नियमाने उत्तर काढायचे असते, हे मला ठाऊक होते. अंगवळणी पडलेले नव्हते.

या चुका सरावाने सुधारण्यासारख्या आहेत असे वाटले, म्हणूनच मी थांबले. पुढच्या वर्षी ९८ प्रश्न सोडवले, त्यांतील ८१ बरोबर आले आणि ७६.७५ गुण मिळाले. कारणांची ती यादी केली नसती, तर मी वर्षभर पूर्वीसारखीच मासिके चाळत बसले असते, अशी मला भीती वाटते.

दोन वेळा परीक्षा देऊन राज्याच्या सीईटीतून (विधी प्रवेश परीक्षेतून) प्रवेश घेतलेला विद्यार्थी

मी थांबलो ते मित्र थांबले म्हणून, हे मोकळेपणाने सांगतो. वर्षभरात ६० हून अधिक मॉक (सराव परीक्षा) दिल्या. गुण पाहायचो, वाईट वाटायचे आणि पुढची मॉक लावायचो. चुकलेले उतारे पुन्हा वाचणे जिवावर यायचे. दुसऱ्या वेळचे गुण पहिल्याच्या आसपासच राहिले. त्याहून जड गेला तो एकटेपणा, कारण बारावीचे सोबती महाविद्यालयात गेले होते आणि दिवसाला आकार देणारे काहीच उरले नव्हते. त्यातून एक गोष्ट मात्र चांगली झाली: सीईटीचा अर्ज मी भरून ठेवला होता. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे क्लॅटमध्ये जडलेली प्रश्न सोडून देण्याची सवय तिथे जाणीवपूर्वक मोडावी लागली.

पुन्हा न बसलेली वकील

मी पुन्हा बसले नाही. बारावीनंतरच्या पंचवार्षिक अभ्यासक्रमाला मिळाले ते महाविद्यालय घेतले आणि पहिल्या वर्षापासून अभिरूप न्यायालयाच्या (खोट्या खटल्यात युक्तिवाद करण्याच्या) स्पर्धांत उतरले. एलएलएमसाठी (कायद्यातील पदव्युत्तर पदवीसाठी) क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा देण्याची वाट पुढे खुलीच होती. शिवाय पदवीनंतरच्या त्रैवार्षिक अभ्यासक्रमाचा विचार फार कमी घरांत होतो. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातही तो २०२२ पासून आहे. "आता नाही तर कधीच नाही" हे ओझे मुलांच्या डोक्यावरून उतरवा, असे मला पालकांना कळकळीने सांगावेसे वाटते. क्लॅटला कमाल वयाची अटही नाही.

एका विद्यार्थ्याचे वडील

आमच्या मुलाने प्रवेश घेऊन, पहिल्या वर्षात शिकत असतानाच परीक्षा पुन्हा दिली. ऐकायला हे सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात ७० टक्के हजेरीची अट, सत्र परीक्षेच्या तोंडावर येणारी डिसेंबरची क्लॅट आणि रोजचा प्रवास यांत तो दोन्हीकडे अर्धाच राहिला. प्रवेश मिळाला असता तरी पहिल्या वर्षाचे शुल्क पाण्यात गेले असते, हा हिशेब आम्ही आधी मांडायला हवा होता. त्याला कधी विचारले नाही की, बाबा रे, तुला स्वतःला पुन्हा बसायचे आहे का? तो प्रश्न आम्ही नातेवाइकांना विचारत राहिलो.

ज्यांनी अनुभव मागवले त्यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांचा अनुभव वाचून मी भाचीला तोच प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आत्या, आधी मला माझ्या चुका बघू दे." काल रात्री तिने पुस्तिका उघडली. एकूण ४० उत्तरे चुकली आहेत, त्यांतील ९ चालू घडामोडींची, मुळात न वाचलेल्या विषयांवरची. उरलेल्या ३१ प्रश्नांपुढे कारणे लिहायला ती रविवारी बसणार आहे. सीईटीचा अर्ज मात्र आम्ही आजच भरला.