मर्डर्ड: सोल सस्पेक्ट – चर्चमधला राक्षस मरत नाहीये, मदत हवी (अर्जंट)

रातकिडा:
लोकहो डोकं फिरलंय. तीन दिवस त्या चर्चमध्ये अडकलोय. मागून जातो, अगदी चिकटून उभा राहतो, बटण दाबतो आणि तो गर्रकन वळून माझाच आत्मा ओढून घेतो. भूत झालेला डिटेक्टिव्ह स्वतःच्याच खुनाचा तपास करतो म्हणून हा व्हिडिओ गेम हौसेने घेतला, छातीत सात गोळ्यांची भोकं लालभडक चमकतायत, डोक्यावर हॅट, वाटलं काय भारी असेल, तर निम्मा वेळ नुसता क्लू वेचत फिरतोय. रविवारी संपवायचाच आहे. काय करू?

चकवा:
पीसी की प्लेस्टेशन? कंट्रोलर की कीबोर्ड? एकच राक्षस आहे की दुसरा तुला बघतोय? 'मरत नाहीये' एवढ्यावर काय सांगणार बाबा, डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हटल्यासारखं झालं.

रातकिडा:
पीसी, अजून काय. एकच आहे.

खवट_काका:
सोडून दे. माझं ऐक आणि द सिंकिंग सिटी घे. २०१९ चा आहे, युक्रेनच्या फ्रॉगवेअर्सचा, अर्धं शहर पाण्यात, होडीतून फिरायचं. पत्ता वाचून नकाशावर खूण आपणच करायची, आयतं काही नाही. याला म्हणतात तपास. तुझ्या गेममध्ये चुकीचा क्लू निवडला तर होतं काय? तीनातला एक बिल्ला जातो. बस्स. परत निवड. दुसरीतलं पोरगंही केस सोडवेल.

चकवा:
काका, सिंकिंग सिटीतली मारामारी विसरलात वाटतं? बंदूक रोखेपर्यंत तो प्राणी अंगावर. आणि घरं आतून सगळी सारखीच, तोच जिना तोच पलंग.

खवट_काका:
मारामारीसाठी डिटेक्टिव्ह गेम खेळतोस का तू? मग एलए नॉयर खेळ २०११ चा, तोंडावरून खोटं पकडायचं. बाकी सगळं पाणी.

चकवा:
आत्ताच तर 'बाकी सगळं पाणी'वाला गेम तुम्ही घ्यायला सांगत होतात :)

मुंजा_पिंपळवाला:
मला या गेमचं एकच कळलं नाही. हा भूत. भिंतीतून आरपार जातो. पण बाहेरून इमारतीत शिरायचं तर दार उघडं लागतं, का तर म्हणे इमारती मंत्रून ठेवल्यात. आमच्या गावात असं भूत असतं तर पोरांनी दगड मारले असते. मांजराच्या अंगात शिरून म्यांव करता येतं ते मात्र झकास, मी दहा मिनिटं तेच करत होतो.

बोस्टनवाली:
गेम सेलममध्येच घडतो ना? आम्हाला बोस्टनहून ट्रेनने साधारण अर्धा तास. ऑक्टोबरमध्ये अजिबात जाऊ नका, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, जो तो चेटकिणीच्या टोपीत. १६९२ मध्ये तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिली आणि जाईल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. गंमत म्हणजे हे सगळं सुरू झालं ते सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स, तिकडे कुणी फारसं फिरकत नाही. आणि ते आरोप करणाऱ्यांतली ॲबिगेल विल्यम्स खरं तर तेव्हा अकरा-बारा वर्षांची पोर होती, गेममध्ये शेवटी तिलाच खुनी दाखवलंय ते माझ्या नवऱ्याला अजिबात पटलं नाही.

रातकिडा:
ताई!!! अहो मी चर्चमध्येच आहे अजून!!!

बोस्टनवाली:
अगं बाई. सॉरी रे. पण २०१४ चा गेम आहे, मला वाटलं आता सगळ्यांना माहीत असेल.

नवा_भिडू:
याच धाग्यात विचारतो, पन्नास हजारात गेमिंग लॅपटॉप कुठला घ्यावा?

चकवा:
वेगळा धागा काढ. रातकिड्या, मागून गेल्यावर स्क्रीनवर नक्की काय दिसतं? नुसतं बटण नसतं, सोबत बाण पण असतो. दिशा आणि बटण दोन्ही जमलं तरच तो मरतो, आणि ती दिशा दर वेळी बदलते. आधी त्या धुरकट आकृत्यांत लप, एकीतून दुसरीत उडी मार, त्याची पाठ झाली की मग जा.

रातकिडा:
बाण दिसतो की. पण माझ्या कंट्रोलरची एक स्टिक गेलीय, धाकट्या भावाने वरचं रबर चावून खाल्लंय, मी तिला रबरबँड लावून ठेवलाय आणि कॅमेरा माउसने फिरवतो.

चकवा:
हे तू आत्ता सांगतोयस?

मुंजा_पिंपळवाला:
एका हातात कंट्रोलर एका हातात माउस?? फोटो टाक.

खवट_काका:
तरी मी म्हणत होतो, सिंकिंग सिटी घे.

चकवा:
काका, रबरबँड तिथेही तोच राहणार. रातकिड्या, कंट्रोलरची वायर काढ आणि पूर्ण कीबोर्ड-माउसवर खेळ.

रातकिडा:
मेला!!! पहिल्याच फटक्यात. चकवाभाऊ, चहा लागू. तीन दिवस गेले आणि खुनी कोण ते पण कळलं, आता खेळू कशाला तेवढं सांगा.

मुंजा_पिंपळवाला:
मांजरासाठी.