तोंडाच्या कर्करोगपेशींचा औषधरोध विद्युत्‌मापनाने ओळखता येईल का?

प्रश्न (भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, नांदेड)
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी सोन्याच्या सूक्ष्म इलेक्ट्रोडवर वाढवून त्यांची प्रतिबाधा, म्हणजे इम्पिडन्स (प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा), मोजण्याचा माझा विचार आहे. तंबाखू आणि गुटख्यापायी हा आजार जडलेली माणसे आपल्या भागात ओळखीपाळखीत सापडतात आणि त्यांपैकी काहींच्या गाठी सिसप्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाला आधी दाद देऊन पुढे दाद देईनाशा होतात, म्हणून हा विषय घेतला. औषध घातल्यावरही प्रतिबाधा टिकून राहिली, तर पेशी औषधाला जुमानत नाहीत असे म्हणता येईल का?

उत्तर (इलेक्ट्रॉनिक्सचे निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)
तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. इव्हार येव्हर आणि चार्ल्स कीझ यांनी 1984 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पेशी मेली की जगली हे थेट मोजले जात नाही. पेशीपटल विजेला जवळजवळ विसंवाहक असल्यामुळे पसरलेली पेशी प्रवाहाची वाट किती अडवते, एवढेच कळते. काही किलोहर्ट्झला प्रवाह पेशींखालच्या आणि पेशींमधल्या फटींतून जातो. वारंवारता बरीच वाढवली की पटल धारित्रासारखे (कपॅसिटरसारखे) वागते आणि प्रवाह पेशीतूनच पार होऊ लागतो. म्हणून एकाच वारंवारतेच्या आलेखावर विसंबू नका. इलेक्ट्रोडचा व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास असावा, कारण मोठ्या इलेक्ट्रोडवर पेशी ज्यात वाढतात त्या द्रावाचा विद्युतरोध वरचढ ठरतो आणि पेशींचा परिणाम त्यात दिसेनासा होतो. द्रावाची वाहकता दर अंशाला सुमारे 2 टक्के बदलते. भारनियमनात इन्क्युबेटर थंड झाला, तर आलेखातला चढ औषधाचा की तापमानाचा, हे सांगता येणार नाही.

उत्तर (जीवशास्त्राच्या प्राध्यापिका, लातूर)
सरांच्या म्हणण्यात एक भर घालते. औषधामुळे विभाजन थांबलेल्या पेशी कधीकधी आकाराने वाढतात आणि तेव्हा त्यांची संख्या न वाढताही प्रतिबाधा वाढू शकते. त्यामुळे मूळ सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एकाच मुळाच्या पेशी) आणि तिच्यापासूनच औषधाची मात्रा हळूहळू वाढवत तयार केलेली रोधक्षम लाइन, या दोन्ही शेजारीशेजारी, वेगवेगळ्या मात्रांवर तपासाव्यात आणि शेवटी पेशी जिवंत आहेत का, हे रंगद्रव्याच्या चाचणीने वेगळे पाहावे. सेल लाइनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहाकडे विचारणा करता येईल.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सिसप्लॅटिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नका. डीएमएसओ त्यातील प्लॅटिनमशी जोडले जाऊन औषध निष्प्रभ करते. मग मूळ पेशीही रोधक्षम भासतील आणि आलेख निर्दोष दिसूनही निष्कर्ष खोटा ठरेल. सलाइनमध्ये ताजे द्रावण करा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. रोधक्षम पेशी औषध बाहेर फेकतात असे वाचले होते, म्हणून औषध बाहेर टाकणारा पेशीतला पंप व्हेरापामिल या औषधाने रोखून पुन्हा मोजावे असे मनात होते. ते योग्य ठरेल का?

उत्तर (जीवशास्त्राच्या प्राध्यापिका, लातूर)
सिसप्लॅटिनसाठी नाही. व्हेरापामिल ज्या पी-ग्लायकोप्रोटीन पंपाला रोखते, तो डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे बाहेर टाकतो. सिसप्लॅटिन त्याच्या वाटेने जात नाही. तिथे औषध आत कमी शिरणे, पेशीतल्या ग्लुटाथायोन या रेणूने ते बांधले जाणे किंवा डीएनएची दुरुस्ती जोमाने होणे ही कारणे असतात आणि प्रतिबाधेचा आलेख यांतले कोणते कारण आहे हे सांगू शकत नाही. तुमच्या प्रकल्पाने रोध आहे की नाही आणि तो औषध दिल्यावर किती तासांनी दिसतो, एवढेच नीट दाखवले तरी मला ते पुरेसे वाटते. कारणाचा शोध प्रबंधात पुढील काम म्हणून नोंदवावा.