घारापुरी : गोळा केलेला कचरा समुद्रापार न्यायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी घारापुरीची, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावरची, इथल्या शेतबंदर गावात राहते. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर आमचा स्टॉल आहे आणि मी गावातल्या बचत गटात आहे. बेटावरचा कचरा गोळा करणं आम्हाला जमतं. अडतं ते त्याच्या पुढे. तो पाण्यापलीकडे न्यायचा कसा आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, यावर कोणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर कृपया सांगा.

बेटावर तीन गावं, वस्ती हजार-बाराशेच्या आसपास. १९८७ साली लेणी जागतिक वारसा यादीत गेली. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज आली, मग दुकानांत फ्रीज आले आणि थंड बाटल्यांचा खप वाढला. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे रविवारची गर्दी ओसरली की सगळा ढीग सोमवारी उपसावा लागतो.

ओल्या कचऱ्याचं आम्ही भागवतो. काकडीच्या साली, कणसांची सालं, उरलंसुरलं अन्न खड्ड्यात टाकून खत करतो. माकडं उकरतात म्हणून वर जाळी आणि जाळीवर दगड. शहाळ्यांची सोडणं मात्र लवकर कुजत नाहीत.

खरा प्रश्न प्लास्टिकचा आहे. भंगारवाला बाटल्या, पत्रा, पुठ्ठा घेतो. पण बाटल्यांनी होडी भरते आणि काट्यावर वजन काहीच भरत नाही. होडीचं भाडं आणि धक्क्यावरची हमाली यातच भंगाराचे पैसे संपतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना तर कोणीच हात लावत नाही. ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून चालतात हे माहीत आहे, पण तिथवर कोरडी आणि भरपूर पोचायला हवीत. पावसाळ्यात दर्या खवळला की ती गोणीतच पडून राहतात. जाळायची नाहीत, यावर आमच्या गटातल्या सगळ्या बायका ठाम आहेत.

पैशाचं गणितही चुकीच्या जागी मांडलंय असं मला वाटतं. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधी आहे. बाराशे माणसांचे झाले ७२ हजार. ही मोजणी गावात राहणाऱ्यांची. रोज लाँचमधून उतरणारे पाहुणे यात धरलेलेच नाहीत आणि कचरा बहुतेक त्यांचाच. तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे, पण ते केंद्र किनाऱ्यावर. आमचा माल तिथे पोचवायचा खर्च कुठल्या खात्यातून करायचा?

वेंगुर्ला शहरातल्या कचऱ्याच्या कामाबद्दल आम्ही वाचलंय. कचरा वेगवेगळा करण्याची त्यांची शिस्त आम्हाला उचलायची आहे, पण त्यांच्याकडे गाडी थेट केंद्राच्या दारात जाते.

तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर १० रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली दिली की परत करतात. आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतही बाटली परत घेण्याची कल्पना होती. अडचण अशी की निलगिरीत विकणारा एकच. आमच्याकडे अर्ध्या बाटल्या पर्यटक मुंबईच्या गेटवेवरूनच घेऊन येतात. धक्क्यावर पर्यटक कर घेतात, तिथेच पिशवीतल्या बाटल्यांवर स्टिकर लावून अनामत घ्यावी आणि परतताना द्यावी, असं आमच्या मनात आहे. गर्दीच्या दिवशी रांग किती लांबेल याची धास्ती वाटते. देवस्थानात, गडावर किंवा अभयारण्यात कोणी हे चालवलंय का? सुट्टे पैसे, हिशेब, परत न नेलेली अनामत, हे कसं सांभाळता?

दुसरं, बाटल्या दाबून गासड्या बांधणारं हाताचं किंवा लहान विजेचं यंत्र कोणी वापरलंय का? साध्या घरगुती जोडणीवर चालतं का, आणि खाऱ्या हवेत किती टिकतं? गासडी दोन बायकांना उचलून होडीत चढवता येईल एवढीच हवी.

तिसरं, लाँचवाल्यांशी बोलणी. संध्याकाळच्या लाँच माणसांनी भरलेल्या असतात, त्यांच्यात गोण्या ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. मालवण, मुरुडकडे किल्ल्यावर होड्या चालवणाऱ्यांनी आठवड्यातून एखादी फेरी कचऱ्यासाठी ठरवली असेल, तर दर कसा ठरला तेवढं कळवा.

उधाणाला तिवरांत अडकणारा बाहेरचा कचरा हा वेगळा विषय आहे, त्यासाठी नंतर लिहीन. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे मांडायचंय, त्याआधी ज्यांनी स्वतः केलंय त्यांचे आकडे मिळाले तर फार उपयोग होईल.