मदत हवी आहे : असांते कोटोको आणि १९६७ चा न झालेला सामना

घानामधील कुमासी शहराच्या असांते कोटोको (स्थापना १९३५) या फुटबॉल क्लबच्या इतिहासावर मी मराठीत लेख लिहीत आहे. १९७० आणि १९८३ मध्ये आफ्रिकेतील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत मिळवलेल्या विजेतेपदांविषयी पुरेशी माहिती मिळाली. अडचण १९६७ ची आहे. त्या वर्षी याच स्पर्धेत काँगोच्या एंगलबेर्टविरुद्ध (आजचा टीपी माझेम्बे) अंतिम फेरीचे दोन्ही सामने, १-१ आणि २-२ असे, बरोबरीत सुटले. मग कॅमेरूनमध्ये निर्णायक सामना ठरला, पण कोटोकोचा संघ तेथे पोहोचलाच नाही आणि चषक एंगलबेर्टला मिळाला. घानाच्या फुटबॉल संघटनेने सामन्याची तारीख क्लबला कळवलीच नाही, असे सर्वत्र सांगितले जाते; मात्र हे विधान एकमेकांवरून उतरवलेले दिसते आणि तेवढ्यावर एखाद्या संघटनेला दोषी ठरवणे मला पटत नाही.

इंग्रजी संकेतस्थळे आणि आकडेवारीचे संग्रह पाहून झाले आहेत. मला फ्रेंच येत नाही, घानाला जाणे शक्य नाही. स्कॅन केलेली पाने चालतील. १९६७ च्या डिसेंबरमधील घानाची वृत्तपत्रे, विशेषतः ‘डेली ग्राफिक’, भारतातून कोणत्या ग्रंथालयामार्फत पाहता येतील, आणि क्लबची त्या वेळची बाजू कोठे छापून आली होती का?