मदत हवी आहे : १९८५ चं झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, उणे ५ व्होल्ट येत नाही, आणि बुरशी लागलेल्या कॅसेट

नमस्कार मंडळी,

माझ्या काकांनी १९८५ साली इंग्लंडहून आणलेलं सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस माझ्याकडे आलंय आणि ते मला पुन्हा चालू करायचंय. शोकेसमध्ये ठेवायला नकोय. काकांनी त्यावर लिहिलेला एक प्रोग्राम त्याच मशीनवर चालवून त्यांना दाखवायचाय. काका ऐंशीच्या पुढे आहेत, डोकं अगदी शाबूत आहे, आणि फोन केला की आधी "कुठवर आलं?" हेच विचारतात.

मशीन माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने स्पेक्ट्रम बाजारात आणलं एप्रिल १९८२ मध्ये. झेड-८० ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ. १६ के रॉम, त्यात बेसिक. ४८ के रॅम. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि डिस्कच्या जागी साधा कॅसेट रेकॉर्डर. १९८४ च्या ऑक्टोबरात आलेल्या 'प्लस'ला रबरी बटणांऐवजी कडक प्लास्टिकची बटणं आणि डाव्या बाजूला रीसेटचं बटण मिळालं. आतला कारभार तोच. आपल्याकडे डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन हेच मशीन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने विकलं होतं, त्यामुळे इथल्या काही जणांच्या माळ्यावर ते नक्की असेल.

आता प्रोग्रामबद्दल, कारण माझा सगळा जीव त्यात अडकलाय. काकांनी माझ्या चुलतभावासाठी बाराखडी लिहिली होती. स्पेक्ट्रमवर आपली अक्षरं काढायची सरळ सोय म्हणजे 'यूडीजी' (आपण स्वतः आखायची चिन्हं), पण तिथे जागा फक्त २१ अक्षरांना. देवनागरीचं २१ त कसं भागणार? म्हणून त्यांनी मशीनचा अख्खा अक्षरसंचच बदलला. अक्षरं कुठून उचलायची तो पत्ता २३६०६ आणि २३६०७ या दोन जागांवर असतो. काकांनी ९६ चिन्हांचे ७६८ बाईट ६४००० पासून पुढे ठेवले आणि २३६०७ मध्ये २४९ पोक केलं, म्हणजे बेसिकच्या आज्ञेने तो आकडा थेट त्या जागेवर टाकला. (पत्ता नेहमी २५६ ने कमी द्यावा लागतो. २४९ गुणिले २५६ म्हणजे ६३७४४.) ते केलं की पडद्यावरचं सगळंच देवनागरीत, प्रोग्रामची यादीसुद्धा! परत ६० पोक केलं की इंग्रजी.

त्यांची आलेखाच्या कागदाची वही माझ्यासमोर आहे. आठ बाय आठ चौकोन, पेन्सिलीने भरलेले, प्रत्येक ओळीपुढे बेरीज. 'ग' असा आहे : २५५, ३४, ३४, ३४, ९८, ९८, २, २. पहिली ओळ पूर्ण भरलेली, म्हणजे २५५, ती शिरोरेषा. प्रत्येक अक्षराची वरची ओळ अशीच भरलेली असल्यामुळे शेजारी शेजारी छापलं की शिरोरेषा आपोआप जुळते. वेलांटी आणि मात्रांचा वरचा भाग मावत नाही, म्हणून तो वरच्या ओळीत वेगळं चिन्ह म्हणून छापलाय. कोणी शिकवलेलं नाही, मासिकं नाहीत, आणि माणूस दिवसभराची नोकरी करून रात्री हे करत होता. हे काम जपलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता अडचणी.

मशीन चालू केलं की पडद्यावर काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्या येतात, सिंक्लेअरचा संदेश येत नाही. खालच्या (पहिल्या १६ के) रॅमच्या म्हणजे ४११६ चिपांच्या पायांवर मल्टिमीटर लावला : ९ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट व्यवस्थित, ८ नंबरवर १२ हवेत तिथे ८ च्या आसपास, आणि १ नंबरवर उणे ५ च्या जागी जवळजवळ शून्य. एवढं पाहून लगेच बंद केलं. उणे ५ नसताना ४११६ ला वीज देत राहिलं तर चिप जाते असं वाचलंय.

जुना अ‍ॅडाप्टर मूळचा आहे, त्यावर ९ व्होल्ट लिहिलंय पण मशीन न जोडता मोजला तर १३ दाखवतो. हे ठीक आहे का? इथल्या एका दुकानात नवीन ९ व्होल्टचा मागितला तर मधली पिन अधिक असलेला दिला आणि "सगळे असेच असतात" म्हणाले. स्पेक्ट्रमला मधली पिन उणे लागते, म्हणून तो लावलेला नाही. ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांनी कृपया हे लक्षात ठेवा.

कीबोर्डची ए, एस, डी, एफ, जी ही अर्धी ओळ मेली आहे. आतल्या मेम्ब्रेनची (बटणांखालच्या तारा छापलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याची) रिबन कडक होऊन टोकाला तडकलेली दिसते.

आणि कॅसेट. काकांचं घर रत्नागिरीला, तिथला पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे. अजून एकही वाजवून पाहिलेली नाही.

मी कोल्हापूरला असते. साधं सोल्डरिंग जमतं. सुरुवात कुठून करू, आणि सुटे भाग कुठे मिळतील?

प्रतिसाद १

ताई, मोजमापं दिलीत त्यामुळे अर्धं काम झालं. पट्ट्यांपेक्षा हे आकडे जास्त बोलके आहेत. स्पेक्ट्रममध्ये १२ आणि उणे ५ हे दोन्ही ९ व्होल्टवरूनच एका छोट्या कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टरच्या मदतीने तयार होतात. ते सर्किट, म्हणजे ऑसिलेटर, थांबलं की अगदी तुमच्यासारखेच आकडे येतात. पहिला संशय बोर्डवर टीआर ४ लिहिलेल्या ट्रान्झिस्टरवर. मूळचा झेडटीएक्स ६५० आहे, त्याजागी झेडटीएक्स ६५१ चालतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, ऑनलाइनही मिळतो. टीआर ५ पण काढून तपासा आणि कॉइलची तार तुटलेली नाही ना ते कंटिन्युइटीवर बघा.

पण नवा ट्रान्झिस्टर लावण्याआधी तो का गेला ते शोधा. बऱ्याचदा एखादी ४११६ आतून शॉर्ट होऊन १२ ची लाइन खाली खेचते आणि तिच्यापायी टीआर ४ जातो. मशीन बंद ठेवून प्रत्येक चिपच्या ८ नंबरच्या पायापासून १६ नंबरपर्यंत (तो ग्राउंड) रोध मोजा. काही ओहमच दाखवला तर शॉर्ट आहे. नाहीतर नवा ट्रान्झिस्टरही त्याच वाटेने जाईल.

अ‍ॅडाप्टरची चिंता नको. तो रेग्युलेट केलेला नाही, लोड नसताना १३ दाखवणारच. मागच्या बाजूला काही जोडायचं किंवा काढायचं असेल तेव्हा मात्र आधी वीज बंद, कारण तिथे क्षणभर चुकीचे पाय टेकले तरी हाच ट्रान्झिस्टर जातो. बोर्ड उघडलाच आहे तर इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर बदलून टाका.

प्रतिसाद २

मी कॅसेटवर बोलतो. बुरशीची टेप तशीच वाजवू नका. हेडवर बुरशी चिकटते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटला लागते. मास्क लावा, उघड्या हवेत बसा, पेन्सिलीने सावकाश पुढे फिरवत टेप मऊ, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून जाऊ द्या. कवच चिकटवलेलं असेल तर टेप स्क्रूच्या कवचात हलवा. टेपमागची फेल्टची छोटी गादी पडली असेल तर तीही त्या निमित्ताने बदलली जाते. ती नसली की आवाज दबतो आणि लोड होत नाही.

मशीन दुरुस्त होईपर्यंत थांबू नका, टेप आधी संगणकावर उतरवा. ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइल. एमपी३ नको, आवाज स्वच्छ करणारं कुठलंही फिल्टर नको, फोनच्या माइकने तर नकोच. रेकॉर्डरच्या हेडशेजारच्या बारीक स्क्रूने अझिमथ (हेडचा तिरकेपणा) जुळवा : सुरुवातीचा लांब सूर सगळ्यात खणखणीत, धारदार ऐकू येईल तिथे थांबा. ज्या रेकॉर्डरवर काकांनी सेव्ह केलं त्याचा हेड जसा तिरका होता, तसाच तुमचा व्हायला हवा. मग 'फ्यूज' एम्युलेटरच्या (संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) सोबतच्या साधनांमध्ये 'ऑडिओ-टू-टेप' आहे, त्याने वेव्हची टेप फाइल होते. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी तपासणीचा एक बाईट असतो, त्यामुळे नीट वाचलं गेलं की नाही ते लगेच कळतं. सगळे प्रयत्न नीट होईपर्यंत मूळ वेव्ह फाइली पुसू नका.

प्रतिसाद ३

मी लेस्टरला असतो. स्पेक्ट्रम प्लसची नवीन मेम्ब्रेन इकडे आजही बनते आणि विकत मिळते. दिवाळीत सांगलीला येतोय, घेऊन येईन. तोवर एक उपाय : रिबन टोकालाच तडकली असेल आणि थोडी ढील असेल तर तडकलेला भाग सरळ कापून उरलेली रिबन पुन्हा सॉकेटमध्ये बसवा. पाच तारांची आणि आठ तारांची अशा दोन रिबन असतात. तुमची सलग पाच बटणं गेली आहेत म्हणजे आठवालीतली एक तार.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. बरीच प्रगती आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

४११६ पैकी कोणतीही शॉर्ट नव्हती. टीआर ४ गेलेलाच होता. ६५१ लावला, कॅपॅसिटर बदलले, आता १२.१ आणि उणे ५.१ मिळतात. चालू केल्यावर काळ्या पडद्यावर क्षणभर बारीक लाल रेघा, मग पांढरा पडदा आणि खाली सिंक्लेअरचा संदेश! रिबन अजून कापलेली नाही, नवीन मेम्ब्रेन येईपर्यंत हात लावायची इच्छा नाही. लोड ही आख्खी आज्ञा जे बटणावर आणि प्रिंट पी वर असल्यामुळे तेवढ्यावर काम भागतंय. लेस्टरच्या दादा, मेम्ब्रेनचे पैसे कसे पाठवू ते व्यक्तिगत निरोपाने कळवा.

टेपही उतरल्या. अ बाजूवरचा अक्षरांचा ब्लॉक तपासणीत नापास झाला, पण काकांनी तोच ब बाजूला पुन्हा सेव्ह करून ठेवला होता आणि तो अगदी स्वच्छ आला. एम्युलेटरमध्ये बाराखडी चालते. काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर आधी गप्प बसून सगळी पाहिली आणि मग म्हणाले, "ळ ची उजवी वाटी कापली गेलीय, तेव्हाच दुरुस्त करायची राहिली होती."

पण खऱ्या मशीनवर अजून चालत नाही, आणि कारण सापडलंय. प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ दिलं (पीक म्हणजे त्या जागेवरचा आकडा वाचणं) तर रॅमचा शेवटचा पत्ता म्हणून ६५५३५ यायला हवं, येतं ३२७६७. म्हणजे मशीन स्वतःला १६ के चं समजतंय, वरची ३२ के रॅम त्याने नाकारलीय. अक्षरं ६४००० ला, तेव्हा ती बसणार कुठे? पुढे पोक ४००००, ० करून परत वाचलं तर १६ येतं. २५५ टाकलं तर २५५ च. वरच्या भागात कुठेही तेच.

प्रतिसाद १

झकास. म्हणजे ४ नंबरचा बिट (किंमत १६) १ वर अडकलाय. वरच्या रॅममध्ये आठ चिपा, प्रत्येकीकडे एक बिट, तेव्हा एकच चिप गेलीय. तिथे ४५३२ असते, ती म्हणजे अर्धा भाग निकामी निघालेली ६४ किलोबिटची चिप. त्याजागी पूर्ण ४१६४ बसते, पाय तेच, वीज फक्त ५ व्होल्ट. बाकीच्या सात तशाच राहू द्या. जुन्या पीसी एक्सटीच्या मदरबोर्डवर ४१६४ च्या ओळीच्या ओळी असतात, भंगारात बघा. सर्किटच्या नकाशावर ४ नंबरचा बिट कुठल्या चिपकडे जातो ते पक्कं करून मगच काढा, आणि जागी सॉकेट लावा.

धागालेखिका

४१६४ मिळाल्या, एक्सटीच्याच बोर्डावरून. आता एकच प्रश्न. सोळा पायांची चिप या जुन्या बोर्डावरून काढताना तांब्याचे पट्टे उखडतील अशी भीती वाटते, माझ्याकडे फक्त सोल्डर ओढायचा हातपंप आहे. पाय कापून एकेक काढू, की कोल्हापूर-सांगली भागात कोणाकडे डीसोल्डरिंग स्टेशन आहे? असेल तर मशीन घेऊन मी येईन.