ताटली लहान केली की झालं का धोरण?

तिरसट:
काल इथे एकाने लिहिलं की वर्तनशास्त्रवाले, सरकार आणि खाद्यकंपन्या यांनी मिळून संशोधन केलं तर कर नको, बंदी नको, लोक आपोआप पृथ्वीला झेपेल असं खायला लागतील. उत्तर लिहायला घेतलं ते मारुतीच्या शेपटीसारखं वाढलं म्हणून वेगळा धागा. अहो, जी कंपनी जास्त खपावर जगते ती कमी खा म्हणणाऱ्या प्रयोगाला पैसे का देईल? देते, कारण "अभ्यास चालू आहे" म्हटलं की कर पुढे ढकलता येतो. चेटर आणि लोवेनस्टाइन याच क्षेत्रातले, पण २०२२ मध्ये त्यांनीच लिहिलं की माणसाला सुधारायच्या नादात व्यवस्था बदलायची राहून गेली. आणि या 'नज'चा, म्हणजे सक्ती न करता नुसती मांडणी बदलून दिलेल्या हलक्या ढुशीचा, परिणाम तरी केवढा? डेलाविन्या-लिनोस या संशोधकांनी मोजला, जर्नलांत छापून आलेल्या नजचा सरासरी ८.७ पर्सेंटेज पॉइंट, सरकारसाठी असे प्रयोग करणाऱ्या नज युनिटांचा १.४. बसा टाळ्या वाजवत.

कुंपणावरचा:
असहमत. ते १.४ खाण्याबद्दलचं नाहीच, त्यात बरेचसे प्रयोग सरकारी पत्रं-ईमेलचे आहेत. केंब्रिज विद्यापीठाच्या कॅन्टीनांतला २०१९ चा अभ्यास वाचा की. चारात एक शाकाहारी पदार्थ असायचा तिथे दोन ठेवले, शाकाहारी विक्री ४० ते ८० टक्के वाढली, ना पोस्टर ना उपदेश, आणि जास्त फरक पडला तो एरवी शाकाहारी क्वचितच घेणाऱ्यांत. कॅन्टीनवाल्यांनी विक्रीचा डेटा दिला नसता तर हे कळलं असतं का?

ड्रॉवर:
डेटाचं नाव काढू नका. एका मोठ्या किराणा साखळीबरोबर आमचा प्रकल्प होता, कार्बन लेबलचा, म्हणजे कुठल्या पदार्थामागे किती कार्बन उत्सर्जन ते पाकिटावर छापायचं. करारात बारीक अक्षरात होतं की छापण्याआधी त्यांची परवानगी. लेबलने काहीही फरक पडला नाही असं निघालं आणि दीड वर्ष झालं, त्यांचे वकील "बघतो" म्हणतायत.

थोडंच_वाढा:
अवांतर, पण हॉटेलांत ताटल्या लहान केल्या तर वाया जाणारं अन्न २० टक्क्यांच्या आसपास घटलं, २०१३ चा पेपर आहे. एवढं साधं काम, त्याला कसला आलाय कर.

तिरसट:
ताटली म्हटलं की कॉर्नेल विद्यापीठाचा वॉनसिंक आठवतो, लहान ताटलीत माणूस कमी खातो सांगणारा. २०१८ मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलवाल्यांनी एका फटक्यात त्याचे सहा पेपर मागे घेतले, कॉर्नेलने गैरवर्तन ठरवलं.

थोडंच_वाढा:
एका नासक्या आंब्यावरून अख्खी आढी फेकायची का? हा अभ्यास त्याचा नाहीच.

मेसपीडित:
आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये केल्या होत्या लहान ताटल्या. पोरं तीन-तीनदा उठायला लागली, रांग दाराबाहेर, मग एकेक जण दोन ताटल्या उचलायला लागला, मी पण. खरकटं तेवढंच, धुवायच्या ताटल्या दुप्पट. भांडी घासणाऱ्या मावशींना विचारा नज म्हणजे काय.

थोडंच_वाढा:
तुमची एक मेस म्हणजे विज्ञान नव्हे.

मेसपीडित:
आणि तुमचा एक पेपर म्हणजे वेद? हॉटेलातला पाहुणा लाजून दुसऱ्यांदा उठत नाही, भुकेलं पोरगं उठतं. एवढं कळायला पीएचडी लागत नाही.

कुंपणावरचा:
ताटल्या आवरा आता, विषय धोरणाचा होता. तिरसट, कराचे इतके गोडवे गाताय, डेन्मार्कने २०११ मध्ये चरबीवर कर लावला तो २०१३ उजाडताच गुंडाळला हे सोयीस्कर विसरलात.

तिरसट:
विसरलो नाही, टाळलं :) पण ब्रिटनचा शीतपेयांवरचा कर २०१८ चा, तो लागू व्हायच्या आधीच कंपन्यांनी साखर उतरवली. कॅन्टीनचं मान्य, जा, घ्या. पण तिथे स्वयंपाकघर विद्यापीठाचंच होतं, खप घटल्याने कुणाचा शेअर पडणार नव्हता. किराणा साखळीशी हातमिळवणी करून काय होतं ते ड्रॉवर सांगतोयच. ड्रॉवर, साखळी कुठली तेवढं तरी सांगा.

ड्रॉवर:
सांगितलं असतं हो. करारात तेही बसत नाही.